पाचव्या चित्रातल्या चार पट्ट्या

प्रमोशनच्या अर्जात एक तक्ता होता. आजवर छापून आलेले सगळे पेपर क्रमाने लिहा, प्रत्येकात तुमचं नाव कितवं ते लिहा, आणि तुम्ही स्वतः नेमकं काय केलंत तेही लिहा. शोधनिबंध हा शब्द आमच्याकडे फक्त अर्जात असतो, लॅबमध्ये सगळे पेपरच म्हणतात. माझे पेपर तेवीस. त्यातले पहिलं नाव माझं असलेले आठ. आणि वरच्या जागेसाठी पहिल्या नावाचे हवेत आठ. म्हणजे काठावर पास. अर्जाची मुदत सोमवार संध्याकाळ. ही जागा पुन्हा कधी निघेल याचा नेम नाही, आणि निघाली तरी तोवर माझं वय उलटून गेलेलं असणार.

शनिवारी सकाळी ठाकुर्लीच्या आमच्या घरात डायनिंग टेबलवर लॅपटॉप मांडून बसले. नवऱ्याला बजावलं, आज मला हाक मारायची नाही. तो म्हणाला, "बरं." आणि दहाव्या मिनिटाला विचारलं, "कुकरच्या किती शिट्ट्या?"

खरं सांगायचं तर मलाच बसवत नव्हतं. दोन पेपर लिहिले की उठायचं, फ्रीज उघडायचा, काही न घेता बंद करायचा. मिक्सरच्या भांड्याच्या झाकणातलं रबर काढून घासलं. चार वर्षं ते तसंच होतं, आजच घासायची काय अवदसा आठवली होती कोण जाणे. पण आपलं सगळं आयुष्य असं ओळीने लिहायला घेतलं की जीव घाबरा होतो. एकेका ओळीमागे दोन दोन, तीन तीन वर्षं गेलेली, आणि ओळ बघावी तर बोटभर. मी मोहन्यात वाढले. तिथल्या शेजारच्या काकू अजून भेटल्या की विचारतात, "मग, सापडलं का औषध?" काय सांगणार त्यांना? की काकू, मी औषध नाही शोधत, आपल्या पेशी क्षयाच्या जंतूला गिळतात तरी तो आत जिवंत कसा राहतो एवढंच बघते, आणि त्यातलाही एक कोपराच बघते? एकदा सांगून पाहिलं. त्या आईला म्हणाल्या, "शोधतेय बिचारी अजून."

चौथ्या पेपरपाशी आले तेव्हा जरा बरं वाटलं. हा माझा लाडका. पहिल्या नावाचा पहिला पेपर. याच्या जोरावर मला परदेशी दोन वर्षं फेलोशिप मिळाली आणि फेलोशिपच्या जोरावर आत्ताची नोकरी. लोक अजूनही त्याचा दाखला देतात. पान क्रमांक बघायला म्हणून तो उघडला, आणि उघडलाच आहे तर म्हणून खाली खाली गेले. स्वतःच्या लग्नाचा अल्बम बघतात ना, तसं. पाचव्या चित्राशी थांबले.

इथे थोडं सांगायला हवं. पेशींमधलं एखादं प्रोटीन वाढलं की कमी झालं हे बघायला आम्ही पेशी फोडतो, त्यातली प्रोटीनं एका पातळ कागदासारख्या पडद्यावर उतरवतो, आणि हवं ते प्रोटीन त्यावर काळ्या पट्टीसारखं दिसेल असं करतो. पट्टी जाड म्हणजे प्रोटीन जास्त. पण तुम्ही एका पट्टीच्या खणात मुळातच जास्त माल टाकला असेल तर? म्हणून प्रत्येक वेळी त्याच पडद्यावर ॲक्टिन नावाचं प्रोटीनही दाखवायचं. ते सगळ्या पेशींत साधारण सारखंच असतं. ॲक्टिनच्या पट्ट्या सारख्या आल्या म्हणजे माप सारखं होतं, फसवाफसवी नाही. ॲक्टिन हा आमचा साक्षीदार.

तर पाचव्या चित्रात खाली ॲक्टिनच्या चार पट्ट्या होत्या, आणि डावीकडून दुसऱ्या पट्टीखाली एक बारीक पांढरा ठिपका. पडदा चिकटवताना हवेचा बुडबुडा राहिला की असा ठिपका येतो. मनात म्हटलं, हा ठिपका कुठेतरी बघितलाय. वर गेले. दुसऱ्या चित्रात, वेगळ्याच प्रयोगाच्या ॲक्टिनमध्ये, उजवीकडून दुसऱ्या पट्टीखाली तोच ठिपका. मी पाचव्या चित्रातला तुकडा कापला, आरशातल्यासारखा उलटवला आणि दुसऱ्यावर ठेवला. तंतोतंत बसला.

कर्म माझं! तशीच उठून खिडकीपाशी गेले.

चूक कशी झाली ते मला लगेच कळलं, आमच्यातल्या कुणालाही कळेल. तेव्हा पट्ट्यांची छबी एक्स-रेच्या फिल्मवर घ्यायचो, डार्करूममध्ये. फिल्म दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, म्हणून आमच्या लॅबची शिस्त होती: अंधारातच उजवा वरचा कोपरा दुमडायचा, म्हणजे सुलटी बाजू कुठली ते नंतर कळतं. मी एकच फिल्म दोनदा स्कॅन केलेली, एकदा सुलटी, एकदा उलटी. पट्ट्या तेवढ्या ठेवून दुमडलेला कोपरा कापला की झालं, काही ओळखू येत नाही. दोन फायली झाल्या. एकीचं नाव 'ॲक्टिन फायनल', दुसरीचं 'ॲक्टिन फायनल नवीन'. पेपर दुरुस्त करून पाठवायच्या घाईत मी दुसरी फाईल पाचव्या चित्रात टाकली. सुनेने मिठाच्या बरणीत साखर भरून ठेवावी आणि मग स्वतःच फसावं, तशातली गत.

पण माझी घालमेल त्यासाठी नव्हती. चुका होतात. घालमेल यासाठी होती की तेव्हा मला हे एका मुलीने सांगितलं होतं.

माझ्या बरोबरीची होती ती लॅबमध्ये. एकाच बाकावर आम्ही पाच वर्षं काम केलं, एकाच डब्यातून जेवलो. तो पेपर आम्हा दोघींचा होता. दोघींच्या नावावर चांदणी लागणार होती आणि तळाशी टीप, 'दोघींचं काम समान'. असं असलं की अर्जांमध्ये दोघींना पहिलं नाव धरतात. पाठवायच्या आधी चार दिवस ती चित्रं बघत होती आणि म्हणाली, "अगं, हा ॲक्टिन त्या पडद्याचा नाही वाटत. परत लावू या."

परत लावायचं म्हणजे पट्ट्या पुन्हा काढायच्या, एक रात्र तरी गेलीच. मुदत डोक्यावर. आणि मला राग आला. नुसता राग नाही, संताप. सगळी चित्रं मी केलेली, डोळे फुटेस्तोवर, आणि ही आयत्या वेळी येऊन शंका काढणार? मी सगळ्या लॅबसमोर तिला म्हणाले, "तुला काम करायचं नाहीये, फक्त माझं बिघडवायचंय." ती वळून आपल्या कामाला लागली. तिचं ते कामाला लागणं मला आणखी झोंबलं. दुसऱ्या दिवशी मी आमच्या लॅबप्रमुख सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं की ती मदत करत नाही, उलट अडथळे आणते, तिच्यामुळे पेपर रखडलाय, आणि तिचे प्रयोगही मलाच परत करावे लागलेत. यातलं शेवटचं तर धडधडीत खोटं होतं. तिचे प्रयोग माझ्यापेक्षा स्वच्छ असायचे. सरांनी माझं ऐकलं. चांदणी गेली. दुसरं नाव रक्ताचे नमुने देणाऱ्या डॉक्टरांचं लागलं आणि ती तिसरी. त्याच वर्षी तिनेही फेलोशिपला अर्ज केलेला. पहिल्या नावाचा एकही पेपर नाही म्हणून तिचा अर्ज पुढे गेलाच नाही. मग तिने संशोधन सोडलं. आता ती कल्याणला ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते.

हे मी विसरले होते असं नाही. मी ते नीट घडी करून ठेवून दिलं होतं.

नवरा कुकर उतरवून आला. माझं तोंड बघून म्हणाला, "काय झालं? लॅपटॉप गेला?" मी सगळं सांगितलं, केबिनमधलं सोडून. तो बँकेत आहे, त्याला नियम पाठ. अर्जाच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं असतं की वरील सर्व पेपरांमधली माहिती माझ्या माहितीप्रमाणे अचूक आहे, आणि त्याखाली आपण सही करायची.

"आता तुझ्या माहितीप्रमाणे नाहीये ती अचूक," मी म्हटलं. "मग सही कशी करू?"

"सोमवारी सही कर. मंगळवारी त्या मासिकाला पत्र लिही, की चूक सापडली. एका दिवसाचा तर प्रश्न."

"पण मला शनिवारीच सापडलीये."

"हे कोणाला माहितीये? झाकली मूठ सव्वा लाखाची. अगं, एकोणीस वर्षं घासतेयस तू त्यांच्याकडे."

त्याचं काही चुकत नव्हतं, म्हणूनच मी त्याच्यावर खेकसले. वरण गार होईस्तोवर आम्ही भांडलो. चूक कळवून दुरुस्ती छापून आली की पेपर परत यादीत धरतात, पण त्याला महिने लागतात. तोवर माझे सात. सात म्हणजे अर्ज नाही, अर्ज नाही म्हणजे निवृत्तीपर्यंत आहे तिथेच. हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

दुपारी सरांना फोन केला. ते निवृत्त होऊन नौपाड्यात राहतात, ऐंशीच्या घरात आहेत, आवाज अजून खणखणीत. मासिकाला पत्र त्यांच्याच नावाने जावं लागतं, त्यामुळे त्यांना टाळता येणार नव्हतं.

"निष्कर्ष बदलतो का?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही सर. खरा ॲक्टिन कसा होता तेच आपल्याकडे नाही. फ्रीजरमधले नमुने केव्हाच टाकून दिलेत."

"बदलत नसणार. नंतर इतरांनी ते प्रयोग केले आहेत, त्यांनाही तेच दिसलं आहे. मग कशाला हात दाखवून अवलक्षण?" मग म्हणाले, "त्या दुसऱ्या मुलीने काही उकरून काढलंय का? तिला तशी सवयच होती. तूच म्हणाली होतीस."

तूच म्हणाली होतीस. इतक्या वर्षांनी माझंच वाक्य माझ्या ताटात. मी कसंबसं "नाही सर, तिचा काही संबंध नाही" म्हटलं आणि फोन ठेवला. उरलेली दुपार मी घरभर फिरत होते. कपाट आवरलं, त्यात नवऱ्याच्या तीन कॉलर फाटलेल्या शर्टांवरून पुन्हा भांडण काढलं. जेवले नाही, आणि जेवले नाही म्हणून डोकं दुखलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात भर दुपारी लख्ख ऊन पडलं होतं.

रविवारी सकाळी तिला मेसेज केला, येऊ का म्हणून. लॅबचा जुना ग्रुप आहे, त्यात तिचा नंबर होता. वाढदिवसाला आम्ही एकमेकींना केकचं चित्र पाठवायचो, त्यापलीकडे काही नाही. तिचं उत्तर आलं, 'ये. लाल चौकीच्या अलीकडे उतर.'

रिक्षा पत्रीपुलावर अडकली. एरवी मी शिव्या दिल्या असत्या, त्या दिवशी वाटलं, अडकू दे तासभर. काय बोलायचं ते मी तीनदा मनात जुळवलं आणि तिन्ही वेळा त्यात सुरुवातीला माझीच बाजू येत होती. मुदत होती, घाई होती, वय लहान होतं. लहान कसलं डोंबलाचं! एकोणतीस वर्षांची घोडी होते.

तिनेच दार उघडलं. केस पांढरे झालेले, रंगवले नव्हते. टेबलावर मुलांच्या प्रॅक्टिकलच्या वह्यांचा ढीग, एक उघडी, त्यात कांद्याच्या पेशींचं चित्र आणि त्यावर तिचा लाल शेरा.

"बस ना. उभी काय अशी?"

मी बसले नाही. म्हटलं, "आपल्या त्या पेपरमध्ये..."

"पाचवं चित्र ना?" ती म्हणाली.

मग बसले.

"तुला माहीत होतं?"

"म्हणजे काय? मीच तर सांगितलेलं तुला."

"नाही, पण छापून आल्यावर..."

"छापून आल्यावर बघितलं मी. तसंच होतं." ती वह्या बाजूला सारत म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं, मी भांडायला तयारच होऊन गेलेले.

मी सांगत सुटले. अर्ज, आठ पेपर, सोमवार, सही. ती ऐकत होती. मध्येच म्हणाली, "मग उद्या अर्ज भर आणि परवा पत्र पाठव. एवढं काय?" नवऱ्याने म्हटलं तेव्हा मी खेकसले होते. तिच्या तोंडून ते ऐकलं आणि मला रडूच फुटलं. ती उठून आत गेली. मला वाटलं, पाणी आणायला गेली असेल.

ती एक फोल्डर घेऊन आली. डिग्रीची सर्टिफिकेटं ठेवतो तसलं. त्यातून तिने ब्राउन पेपरचं पाकीट काढलं आणि पाकिटातून एक फिल्म. खिडकीच्या उजेडात धरली. चार पट्ट्या, सारख्या, स्वच्छ, बुडबुडा नाही. उजवा वरचा कोपरा दुमडलेला. कडेला मार्करने तिच्या अक्षरात प्रयोगाचा नंबर आणि तारीख. पेपर पाठवायच्या तीन दिवस आधीची.

"पाचव्या चित्राचा पडदा होता ना, तोच धुतला आणि परत ॲक्टिन लावला," ती म्हणाली. "तू ओरडलीस त्या रात्री थांबलेले मी. बघ, सारखाच आलाय. तुझं बरोबरच होतं गं, चित्र तेवढं चुकीचं होतं."

म्हणजे पेपर खरा होता. त्याला वाचवणारी चीज आमच्याच लॅबमध्ये, आमच्याच बाकावर, वेळेच्या आधी तयार होती. मला हायसं वाटायला हवं होतं. तिच्या हातून फिल्म घेऊन मी त्या चार पट्ट्यांकडे बघत बसले आणि माझी मलाच इतकी चीड आली की ती हातात धरवेना.

मी तिच्यासमोरच सरांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. म्हटलं, "सर, खरा ॲक्टिन मिळालाय. तिने तेव्हाच लावून ठेवला होता. निष्कर्ष बदलत नाही. आणि सर, मी तेव्हा तुमच्याकडे येऊन तिच्याबद्दल जे बोलले ते खोटं होतं. तिचे प्रयोग मी कधीही परत केलेले नाहीत. ती सांगत होती ते खरं होतं आणि मला ते ऐकायचं नव्हतं."

मग सरांनी विचारलं, "ती आहे का तिथे?"

"आहे सर," ती म्हणाली.

"अगं, मग फिल्म तयार होती तर माझ्याकडे का आली नाहीस तेव्हा?"

"आलेले ना सर. फिल्म घेऊन तुमच्या दारापर्यंत आलेले." तिने माझ्याकडे बघितलं नाही. "आत ही बोलत होती."

सर म्हणाले, "पत्र लिहा दोघी मिळून. मी पाठवतो, आजच." आणि फोन ठेवला.

"आणि तुझा उद्याचा अर्ज?" तिने विचारलं.

"नाही भरत."

"बघ हां."

मी बरोबर आणलेला लॅपटॉप उघडला. ती शेजारी खुर्ची ओढून बसली, लॅबमध्ये बसायची तशी नाही, जरा अंतर ठेवून. चूक कशी झाली ते मी चार ओळींत लिहिलं. त्यात माझं नाव घातलं. खरी फिल्म कोणाची तेही लिहिलं, चांदणीची टीप परत लावावी अशी विनंती लिहिली. मग वर लेखकांची नावं टाईप करायला घेतली आणि पहिलं तिचं लिहिलं.

तिने वाचलं आणि मान हलवली. "असं नाही चालत गं. छापलेला क्रम बदलत नाही."

मला माहीत होतं ते. आमच्या धंद्यातल्या कुणालाही माहीत असतं. मी तिचं नाव खोडलं, माझं पहिलं लिहिलं, डॉक्टरांचं दुसरं, तिचं तिसरं, आणि पत्र सरांना पाठवून दिलं.